भेगा नंतर, आधी वजन: गारमेंट कारखान्याच्या इमारतीची तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आरसीसी इमारत मुळात चार मजल्यांची, वरचे दोन मजले नंतर चढवलेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर तुमची शिलाई भाड्याच्या जागेत चालते. वर दुसऱ्या कोणाचे कापडाचे आणि तयार मालाचे गोदाम आहे, गच्चीवर टाकी आणि जनरेटर. एका बीमला तिरकी भेग दिसली आहे. मालकाच्या मते ती गिलाव्याची आहे आणि त्याच्याकडे स्टॅबिलिटी सर्टिफिकेट आहे, पण तुमचा माल विकत घेणाऱ्या बायरला सविस्तर अहवाल हवा आहे. तपासणीत नेमके काय करतात आणि तोपर्यंत काम चालू ठेवावे का, असे तुम्ही विचारता.

दुसऱ्या प्रश्नाला थांबायला वेळ नाही, म्हणून तो आधी घेतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना वीतभर गिलावा आजच काढा. भेग गिलाव्यातच संपत असेल तर खालचे काँक्रीट अखंड दिसेल. काँक्रीटमध्येही असेल, आणि बीम जिथे कॉलमला मिळतो तिथून सुमारे ४५ अंशांत तिरकी जात असेल, तर ती शिअरची, म्हणजे वजनाने बीम कॉलमजवळ कातरला जात असल्याची, भेग आहे. त्या बीमवरचा आणि त्याखालचा भाग रिकामा करा, वरचा माल हलवा, आणि अभियंता येईपर्यंत तिथे कोणाला बसवू नका. मग तळमजल्यावर जाऊन प्रत्येक कॉलम चारही बाजूंनी पाहा. पॅनेलिंग असेल, मालाची थप्पी लागली असेल, तर ती हटवून पाहा. एकाही कॉलमला उभी भेग, कोपऱ्याचे काँक्रीट फुटून निघालेले किंवा बाहेर वाकलेली सळई दिसली, तर सगळी इमारत रिकामी करायची, सहाही मजले. तिथे शिपमेंटची तारीख विचारात घ्यायची नाही. बीम मोडण्याआधी बहुधा वाकतो, खाली झुकतो, वेळ देतो. वजनाखाली चिरडणारा कॉलम तसा वेळ देत नाही.

ढाक्याजवळच्या सावरमधल्या राणा प्लाझात २३ एप्रिल २०१३ रोजी कॉलमना भेगा दिसल्या होत्या. तळातली बँक आणि दुकाने बंद झाली. पाहणीला आलेल्या अभियंत्याने इमारत धोकादायक असल्याचे सांगितले होते. तरीही २४ तारखेला सकाळी वरच्या मजल्यांवरच्या गारमेंट कामगारांना कामावर बोलावले गेले. वीज गेली, वर बसवलेले जनरेटर सुरू झाले आणि नऊच्या आधी आठ मजले खाली बसले. १,१३४ माणसे गेली. इमारत दुकाने आणि कार्यालयांसाठी आखलेली, वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, जमीन भराव टाकून बुजवलेल्या तळ्याची. जनरेटरच्या थरथरीने शेवटचा धक्का दिला असेलही, पण धडधाकट इमारत जनरेटरने पडत नाही. कॉलममध्ये राखीव ताकद उरली नव्हती, हे खरे कारण.

म्हणून तपासणीची सुरुवात मी भेगांपासून करत नाही. भेगा शेवटी बोलतात, आणि कॉलमच्या बाबतीत कधी कधी बोलतच नाहीत. सुरुवात करायची ती या प्रश्नाने: तळमजल्याच्या मधल्या कॉलमवर आज किती वजन आहे, आणि तो किती पेलू शकतो? हा हिशेब सविस्तर करून दाखवतो, कारण अहवाल वाचताना तुम्हाला हेच आकडे शोधायचे आहेत.

कॉलम दोन्ही दिशांनी ६ मीटर अंतरावर आहेत असे धरा. मधल्या कॉलमच्या वाट्याला प्रत्येक मजल्याचे ३६ चौरस मीटर येतात. १५० मिलिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन चौरस मीटरला ३७५ किलो. फरशी आणि गिलावा साधारण १२५. बीम, कॉलम आणि भिंतींचा वाटा २५०. वापराचे वजन, म्हणजे माणसे, यंत्रे आणि माल, २५० धरू. बेरीज १,००० किलो, म्हणजे कॉलमवर प्रत्येक मजल्याचे ३६ टन. चार मजल्यांचे १४४ टन.

आता कॉलम ४५० बाय ४५० मिलिमीटरचा, काँक्रीट एम २० (चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकदीचे), सळई कॉलमच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का, ४१५ ग्रेडची. वजन दीडपट धरून डिझाइन करायचे, म्हणजे २१६ टन. आरसीसी डिझाइनच्या संहितेतल्या सूत्राने या कॉलमची डिझाइन क्षमता निघते सुमारे २१७ टन. चार मजल्यांसाठी कॉलम बेताचा पण बरोबर आहे. मूळ डिझाइनरने आपले काम नीट केले होते.

त्यावर दोन मजले चढवा. रोजचे वजन होते २१६ टन. जे वजन दीडपट फुगवून कागदावर धरले होते ते आता प्रत्यक्षात चोवीस तास बसले आहे. इमारत उभी आहे, कारण सूत्रात साहित्याच्या कमतरतेसाठीही वेगळी राखीव ठेवलेली असते. पण ही राखीव ठेवण्यामागे कारण आहे. कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल नमुना, तपासल्यावर काँक्रीट २० ऐवजी १२ न्यूटनचे निघाले तर? जुन्या, हाताने कालवलेल्या, पाणी जास्त झालेल्या काँक्रीटमध्ये हे अजिबात दुर्मीळ नाही. सगळे सुरक्षा गुणक काढून टाकले, कॉलम अगदी ओळंब्यात आणि वजन अगदी मध्यावर आहे असे मानले, तरी तो साधारण २४५ टनांना मोडेल. आता वरच्या दोन मजल्यांवर शिलाईऐवजी कापडाचे गोदाम आले आणि वापराचे वजन २५० चे ६०० झाले. आणखी २५ टन. एकूण २४१.

२४५ आणि २४१. कोणत्याही भिंतीवर एकही भेग नसताना हे आकडे असू शकतात.

हे उदाहरण तुमच्या इमारतीचे नाही, पण तिची कहाणी याच जातीची आहे: वाढवलेले मजले, बदललेला वापर, माहीत नसलेले काँक्रीट. या तिन्हींपैकी एखादी गोष्ट बहुतेक इमारती सोसतात. तिन्ही एकत्र आल्या की पहिल्याच दिवशी मला हा हिशेब हवा असतो, चाचण्यांचे निकाल येण्याआधी, ढोबळ का होईना.

वापराच्या वजनाबद्दल थोडे अधिक, कारण गारमेंटमध्ये चूक इथेच होते. शिलाईचा मजला तसा हलका असतो. यंत्रे, टेबले आणि माणसे मिळून सरासरी चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास राहते, आणि मोकळ्या वाटा धरल्या तर त्याहून कमीही. कार्यालयासाठी आखलेला मजला शिलाई लाइन पेलू शकतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते. घोळ होतो तो लाइनच्या दोन टोकांना. एका टोकाला कापडाचे तागे, दुसऱ्याला भरलेले कार्टन. रचलेल्या ताग्यांचे वजन मी सुरुवातीला घनमीटरला ४०० किलो धरतो, म्हणजे दीड मीटर उंच थप्पीचे चौरस मीटरला ६०० किलो. डेनिमचे याहूनही जास्त भरू शकते. म्हणून अंदाजावर न थांबता काट्यावर पाच-सहा तागे तोला, थप्पीतले तागे मोजा, थप्पीखालच्या क्षेत्रफळाने भागा. यासाठी अभियंता लागत नाही, तुमचा स्टोअरकीपर अर्ध्या दिवसात करील. पाण्याचा हिशेब तर त्याहून सोपा: एक मीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन. अग्निशमनासाठी नंतर बसवलेली ३ बाय ४ मीटरची, दीड मीटर खोल टाकी १८ टनांची होते, आणि ती बहुधा दोन-चार कॉलमांवरच बसते. सुरक्षेसाठी टाकी बसवली आणि तिचे वजन कोणी मोजलेच नाही, असे सर्रास दिसते.

आता मालकाचे सर्टिफिकेट. ते हातात घेऊन तीन गोष्टी शोधा: प्रत्येक मजल्यावर चौरस मीटरला किती वापराचे वजन धरले आहे, काँक्रीटची ताकद किती धरली आणि ती मोजली की मानली, आणि हिशेब कोणत्या नकाशांवर केला. तिन्ही नसतील आणि ‘प्रत्यक्ष पाहणीवरून इमारत सुस्थितीत आढळली’ एवढेच असेल, तर एका माणसाने इमारत पाहिली इतकेच त्यातून सिद्ध होते.

मूळ नकाशे मिळाले तरी जागेवर मोजमाप करावेच लागते. बाहेरून ४५० मिलिमीटर मोजलेला कॉलम दोन्ही बाजूंचा २५ मिलिमीटर गिलावा वजा केला की ४०० चा राहतो, आणि क्षेत्रफळ एका फटक्यात पाचव्या हिश्शाने कमी होते. गिलावा न फोडता कॉलमचे माप घेणारा तपासनीस पाहिला की मी पुढचा अहवाल संशयानेच वाचतो. मधले कॉलम आधी, कारण कडेच्या कॉलमवर साधारण निम्मे आणि कोपऱ्यातल्यावर पाव वजन येते. अपवाद लक्षात ठेवावेत: टाकीखालचे कॉलम, ट्रक आत येण्यासाठी जिथे एखादा कॉलम गाळून अंतर वाढवले आहे तिथले, आणि तळमजल्याची उंची दुप्पट असेल तर तिथले सडपातळ कॉलम.

चाचण्यांमध्ये कोअर सोडून बाकी सगळे पूरक आहे, असे माझे मत. रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणारे उपकरण) फक्त वरचा थर सांगतो, आणि जुन्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर कार्बोनेशनमुळे, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो थर कडक झाल्यामुळे, आकडा फुगून येतो. अल्ट्रासॉनिक चाचणीने पोकळी आणि एकसारखेपणा कळतो. काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर बरे, तीनच्या खाली गेला तर शंका घ्यावी. पण तिच्यावरून थेट ताकद काढणे म्हणजे तर्कच. कोअर मात्र प्रत्यक्ष मोडून पाहतात. तो कुठून काढतात याकडे लक्ष ठेवा. मालक सुचवतो ती जागा बहुधा सोयीची असते: जिन्याजवळचा बीम, नाहीतर नवा मजला. तुम्हाला तळमजल्याच्या कॉलमचे कोअर हवेत, आणि वाढीव मजल्यांचे वेगळे, कारण ते काँक्रीट वेगळ्या काळात, वेगळ्या हातांनी ओतलेले आहे. आधी स्कॅनरने सळया शोधायच्या, सळई न कापता कोअर काढायचा, भोक न आकसणाऱ्या ग्राउटने त्याच दिवशी भरायचे. स्कॅनर सळईची जागा आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) चांगले सांगतो, व्यास मात्र अंदाजाने. निदान काही ठिकाणी कव्हर फोडून सळई कॅलिपरने मोजलेली असावी, आणि रिंगांमधले, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळयांमधले, अंतरही. रिंगा लांब लांब असतील तर मघाच्या हिशेबातल्या २४५ टनांवर माझा विश्वास राहत नाही.

तुमच्या इमारतीत बीम आहेत, म्हणून हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही, पण असा प्रश्न पडलेल्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. बीम नसलेला सपाट स्लॅब थेट कॉलमवर टेकलेला असेल, तर कॉलम स्लॅबला भोसकून वर येण्याचा धोका असतो. याला पंचिंग म्हणतात. त्याच्या खुणा स्लॅबच्या वरच्या अंगाला, कॉलमभोवती गोलाकार उमटतात, आणि वर फरशी असल्याने दिसत नाहीत. सोलमधले साम्पूंग डिपार्टमेंट स्टोअर २९ जून १९९५ रोजी असेच पडले, ५०२ जण दगावले. वापर बदललेला, पाचवा मजला नंतर वाढवलेला, कॉलम आखल्यापेक्षा बारीक, आणि गच्चीवरची वातानुकूलनाची जड यंत्रे स्लॅबवरून सरकवत नेलेली. त्या दिवशी सकाळी भेगा दिसल्या तेव्हा वरचा मजला बंद केला, दुकान चालूच ठेवले. सपाट स्लॅब असेल तर कॉलमभोवतीची फरशी उचलून पाहिल्याशिवाय तपासणी झाली असे म्हणू नये.

भेगांकडे आता येऊ. वीटभिंत आणि कॉलमच्या सांध्यातली उभी, सरळ भेग बहुतेक वेळा निरुपद्रवी. बीमच्या मध्यभागी खालून वर जाणाऱ्या केसासारख्या भेगा आरसीसीत अपेक्षितच असतात. त्या ०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद झाल्या की विचारायचे. सळईच्या रेषेत, तांबूस डागासह चालणारी भेग गंजाची. वॉशिंग किंवा इस्त्रीच्या विभागाखाली, जिथे सतत वाफ आणि ओल असते, तिथे ही हमखास सापडते. टेकूजवळची तिरकी भेग गंभीर, कॉलमची उभी भेग त्याहून गंभीर, हे वर आलेच. भेग जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आणि तारीख घालतात. पट्टी तडकली की हालचाल चालू आहे. पण वर सांगितलेल्या गंभीर भेगांसाठी पट्टी लावून वाट पाहत बसू नका. ज्या भेगेबद्दल शंका आहे तिच्यासाठी ती आहे, जिच्याबद्दल खात्री आहे तिच्यासाठी नाही.

पाया बहुतेक अहवालांत दोन ओळींत उरकलेला असतो. वाढीव मजल्यांच्या इमारतीत ते चालणार नाही. निदान एक-दोन मधल्या कॉलमशेजारी खड्डा खणून फुटिंगचे, म्हणजे कॉलमखालच्या पायाच्या रुंद ठोकळ्याचे, माप घ्यावे आणि जमिनीचा बोअर-अहवाल नसेल तर नवा करून घ्यावा. इमारत एका अंगाला खचते आहे का, हे लेव्हल लावून तपासता येते.

मग दुरुस्ती. हिशेब जमला नाही तर पहिला उपाय वजन उतरवणे हाच आहे, आणि तो त्याच आठवड्यात करता येतो: गोदाम तळमजल्यावर आणा, टाकीतली पातळी खाली ठेवा, जनरेटर जमिनीवर उतरवा. आपल्या उदाहरणात वरच्या दोन मजल्यांवरचे गोदाम उठवले की सुमारे २५ टन परत मिळतात. दुसरा उपाय आधार देणे. स्टीलचे प्रॉप फक्त अशक्त बीमखाली ठोकले तर ते वजन खालच्या स्लॅबवर जाते, जो त्यासाठी बनवलेला नाही. आधार मजल्यामागून मजला एकाच रेषेत थेट जमिनीपर्यंत न्यावा लागतो. तिसरा म्हणजे कॉलमचे जॅकेटिंग: त्याच्याभोवती नव्या सळया आणि काँक्रीट घालून तो जाड करणे. इथे एक गोष्ट मालकाला सांगणारे फार थोडे भेटतात. नवे जॅकेट घातले म्हणून आधीपासून बसलेले वजन आपोआप त्याच्यात जात नाही. जुना कॉलम ते तसेच वाहत राहतो, जॅकेट पुढे येणाऱ्या वजनात वाटा घेते. म्हणून काम करण्याआधी मजले रिकामे करून, जॅकने शक्य तितके वजन उचलून घ्यावे लागते, आणि जॅकेट फुटिंगपासून सुरू करून वरच्या स्लॅबपार जोडावे लागते. दोन स्लॅबांच्या मध्येच संपणारे जॅकेट कॉलमला फक्त जाड दाखवते. कार्बन फायबरचे वेष्टन गोल कॉलमला छान उपयोगी पडते, चौकोनीला बरेच कमी, आणि आगीपासून त्याला वेगळे संरक्षण द्यावे लागते. विक्रेते पहिला अर्धाच सांगतात.

२०१३ नंतर बांगलादेशात ब्रँड आणि कामगार संघटनांमध्ये ‘अकॉर्ड’ हा कायदेशीर बंधन असलेला करार झाला आणि दीड हजारांहून अधिक कारखाने तपासले गेले. अहवाल सर्वांसाठी खुले ठेवले, ही त्यातली मला सर्वात मोलाची वाटलेली गोष्ट. दुसरी होती लोड प्लॅन: प्रत्येक मजल्याचा नकाशा, कोणत्या भागात चौरस मीटरला किती वजन चालेल त्याची नोंद, थप्पीच्या कमाल उंचीची भिंतीवर रंगवलेली रेघ, आणि ते रोज पाहणारा एक नेमलेला माणूस. तुम्हीही अहवालासोबत हे मागा. किलोचा आकडा सुपरवायझरला काही सांगत नाही, रेघ सांगते. आणि ज्याच्याकडे ही जबाबदारी द्याल त्याला थप्पी हटवायला लावण्याचा अधिकारही द्या. शिपमेंटच्या आठवड्यात प्रॉडक्शन मॅनेजरपुढे त्याचे चालले नाही, तर रेघ नुसती शोभेची.

तुमच्या परिस्थितीत खरी अडचण वेगळीच आहे: तुमच्या ताब्यात दोनच मजले आहेत. फक्त भाड्याच्या जागेपुरता अहवाल करून देतो म्हणणारे भेटतील, स्वस्तातही. तो घेऊ नका. तुमच्या मजल्याखालच्या कॉलमवर काय येते ते वरचा गोदामवाला आणि गच्चीवरची टाकी ठरवतात. तपासनीसाला तळमजला, सगळे मजले, गच्ची आणि पायाचा खड्डा, इतक्या ठिकाणी जाण्याची लेखी परवानगी मालकाकडून आधी घ्या. मालक परवानगी देत नसेल तर बायरला तसे लेखी कळवा आणि दुसरी जागा बघायला लागा. नकार देणाऱ्या मालकाच्या इमारतीत राहा असा सल्ला मी कोणालाही दिलेला नाही.

अभियंता तुम्ही नेमा, पैसे तुम्ही द्या, आणि अहवालाचा मसुदा मालकाकडून ‘दुरुस्त’ होऊन येणार नाही, तर एकाच वेळी तुम्हाला, मालकाला आणि बायरला जाईल, अशी अट नेमणुकीच्या पत्रातच घाला. एक प्रत वरच्या गोदामवाल्यालाही पोहोचती करा. त्याच्या ताग्यांखाली तुमची माणसे बसतात हे त्याला बहुधा कोणी आजवर सांगितलेले नसते.